दाजींना काय द्यायचं

खंडेनवमीला आमच्या सरकारांकडे देवीपुढे तलवारी मांडत, भाले मांडत, दोन जुन्या बंदुका मांडत आणि त्यांच्या शेजारी हॉकीच्या तेरा स्टिका मांडत. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसोत. धारमध्ये त्या काळी आमच्या सरकारांचा हॉकीचा संघ होता, तो महूच्या छावणीत जाऊन गोऱ्या पलटणींशी खेळायचा, आणि त्या स्टिका मांडायचं काम माझ्याकडे होतं. ही जर्मनीच्या पहिल्या लढाईच्या आधीची गोष्ट.

सरकार म्हणजे ज्यांच्या पदरी मी होतो ते सरदार. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, कुणाचंच लिहिणार नाही. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, त्यातली दुसरी दोनदा. लिहिताना हात अडतो, पण दुसऱ्याला बसवून लिहवून घेणं मला जमायचं नाही. लिहिणारा त्यात आपलं काहीतरी घालतो.

तेरा स्टिका म्हणजे अकरा खेळायचे आणि दोन वरचे. अष्टमीला ज्याने त्याने आपली स्टिक माझ्याकडे आणून द्यायची, जवसाचं तेल पाजायला. तेल पाजून मी त्या कोठीत भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि नवमीला सकाळी सरकारांनी सांगितल्या तेवढ्या उचलून देवीपुढे लाल अलवानावर मांडायच्या, गंधफूल वाहायचं. ज्याची स्टिक मांडली त्याची पुढच्या दसऱ्यापर्यंतची नेमणूक पक्की. पागेत नाव, शिधा, राहायला खोली, दोन जोड कपडे. ज्याची मांडली नाही तो दर्शनाला आला की ओळीवरून एकदा नजर फिरवायचा, नमस्कार करायचा, प्रसाद घ्यायचा, आणि कोठीतली आपली स्टिक आपण उचलून चार-आठ दिवसांत गावी जायचा. कागद नाही, बोलणं नाही. का, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. बाहेरगावची माणसं या पद्धतीचं कौतुक करायची. आम्हालाही ती फार अब्रूदार वाटायची.

दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे देवासचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला आमच्याकडे आले, आमचा खेळ बघायला मैदानावर बसले, आणि त्या दिवशी मागचा एक गडी तापाने पडलेला म्हणून धोतर वर खोचून उभे राहिले. चार दिवसांच्या सणाला आले ते चौदा वर्षं राहिले. सरकारांनी त्यांची स्टिक पुढच्याच नवमीपासून मांडायला लावली, आणि माझीही तेव्हापासूनच.

हॉकी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोलाच्या पुढे दोन बॅक असतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. पुढे धावणारे नाव कमावतात. बॅकचं काम येणारा बॉल अडवायचा आणि पुढे द्यायचा. उजवीकडे मी, डावीकडे दाजी. दोघांनी एका ओळीत कधी उभं राहायचं नाही, एक पुढे गेला की दुसऱ्याने मागे सरायचं. हे मला दाजींनी शिकवलं, आणि शिकवताना ते एक शब्द बोलले नाहीत. मी पुढे गेलो की मागे त्यांच्या पावलांचा आवाज यायचा, मुरमावर चर्र चर्र, आणि मला कळायचं की माझी रिकामी जागा आता रिकामी नाही. बॉल मधोमध आला की एक शब्द. "माझा" किंवा "तुझा". दहा वर्षांत एकदाही आम्ही दोघे एका बॉलवर गेलो नाही. नवरा-बायकोचंसुद्धा इतकं जमत नाही, असं आक्का म्हणायची, म्हणजे माझी बहीण.

माघातल्या दुपारी धारच्या त्या मैदानावर ऊन तिरपं यायचं, मुरूम तांबडा दिसायचा, आणि दाजींची सावली माझ्यापर्यंत पोचायची. मी तिच्यावर पाय देत नसे. आता बसल्या जागी डोळे मिटले तर ते ऊन दिसतं. त्यातलं दुसरं काही दिसत नाही, गोल किती झाले, कोण जिंकलं, काही नाही.

महूच्या एका सामन्यात माझा गुडघा गेला. एका टॉमीची, म्हणजे गोऱ्या शिपायाची, स्टिक बसली, चुकून बसली, तो स्वतः मला उचलायला आला. त्यानंतर मी धावू शकलो नाही. सरकारांनी मला काढलं नाही, संघाची सगळी देखरेख माझ्यावर टाकली. मैदानावर मुरूम टाकणं, रूळ फिरवणं, स्टिका, कपडे, गड्यांचं खाणं, आणि कोणता गडी ठेवायचा हे सुचवणं. दाजींच्या शेजारी मग दुसरे उभे राहू लागले. मी दोरीच्या बाहेरून बघायचो. चार वर्षं बघितलं.

त्या वर्षी भाद्रपदात सरकारांनी मला बोलावलं. पाऊस उघडला होता, मैदान अजून चिकट होतं. सरकार झोपाळ्यावर बसले होते.

"तुझ्या दाजींचं वय काय झालं रे?"

"चाळिशीला टेकलेत, सरकार."

"महूला त्या पोरसवदा गोऱ्याने त्यांना दोनदा मागे टाकलं. मी बघत होतो."

मीही बघत होतो.

"बदनावरचा एक मुलगा आहे, बॅक खेळतो, हरणासारखा पळतो म्हणतात. त्याला बोलवायचं तर कुणाची तरी जागा पाहिजे. दाजींना काय द्यायचं ते तू ठरव. तू त्यांच्या शेजारी दहा वर्षं उभा होतास, मी नव्हतो. तू सांगशील ते देऊ. नवमीच्या आत सांग."

यात तीन गोष्टी शक्य होत्या. एक, दाजींची सालाची नेमणूक तशीच ठेवायची. दुसरी, होळीपर्यंतची द्यायची. आमचे सगळे मोठे सामने थंडीतले, त्यामुळे होळीपर्यंत माणूस ठेवायचा आणि ऊन तापलं की मोकळा करायचा, अशी एक रीत होती. पण ती महूहून, रतलामहून येणाऱ्या भाडोत्री गड्यांसाठी. त्यांना आम्ही हंगामी म्हणायचो आणि पंगतीत ते शेवटी बसायचे. तिसरी, स्टिक बाजूला ठेवून दुसरं काही जन्मभराचं द्यायचं. अमझेऱ्याला सरकारांची आमराई होती, विहीर होती, राहायला पक्कं घर होतं. तिथली देखरेख.

मी दाजींना बघायला लागलो. बघणं म्हणजे चोरून. मैदान वाळल्यावर सरावाला मी आमच्या उजव्या बाजूच्या पळणाऱ्या गड्याला सांगितलं, आज दाजींच्या अंगावर दहा वेळा बॉल घेऊन जा, जीव लावून जा. कारण सांगितलं नाही. खिशात दहा खडे घेऊन उभा राहिलो. पहिल्या सहा वेळा दाजींनी बॉल असा काढून घेतला की पळणारा बॉलशिवायच चार पावलं पुढे जायचा आणि मग मागे वळून बघायचा. सातव्याला तो निघून गेला. आठवा दाजींनी अडवला. नववा गेला, दहावा गेला. दाजी कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि माझ्याकडे बघून हसले. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजवर ठाऊक नाही.

आमचा गोलकीपर माळवी माणूस, पागेतला नालबंद. तो संध्याकाळी पाय धूत असताना मला म्हणाला, "भिया, एक बात कहूं? आप बाहर से देखते हो. मैं पीछे से देखता हूं. दाजी दौड़ते नहीं अब, सही है. पन गेंद को मालूम है दाजी कहां खड़े हैं. सीधी वहीं आती है."

"सहा वेळा येते," मी म्हणालो. "नंतर येत नाही."

"तो छह बार का ही काम दे दो."

"तू घोड्याचे नाल बघ."

"घोड़ा भी बूढ़ा होता है, भिया. उसको कोई फेटा नहीं बांधता, थोड़ा कम चलाते हैं, बस."

नालबंदाने मला शिकवावं हे मला तेव्हा सहन होण्यासारखं नव्हतं.

आक्काकडे मी रोज जायचो, तिची खोली पागेच्या मागेच होती. पितृपक्षात एका दुपारी ती गवार मोडत बसली होती. दाजी घरात नव्हते.

"ह्यांच्याबद्दल काय चाललंय तुमच्यात?" तिने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं. सरकारांनी तुला बोलावलं होतं. सगळ्या पागेला माहीत आहे, मला तेवढं नको माहीत व्हायला? हे बघ, हे तोंडाने काही सांगायचे नाहीत. पण मला म्हणत होते..."

"आक्का, मैदानातलं मैदानात राहू दे," मी म्हणालो.

"अरे, ऐकून तर घे."

"बायकांनी यात पडू नये."

तिने माझ्याकडे बघितलं, गवारीचं ताट उचललं आणि आत गेली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, मला कडेवर घेऊन फिरलेली. मी तिला असं बोललो होतो. जाताना चहा घेऊन जा म्हणाली, तेवढा घेतला.

माझी अडचण कुणाला समजत नव्हती. दाजी नुसते गडी नव्हते, आमच्या घरचे जावई होते. आमच्यात बहिणीच्या नवऱ्याला पहिलं पान वाढतात, त्याच्या पाया पडतात, त्याच्यासमोर मोठ्याने बोलत नाहीत. अशा माणसाला तोंडावर म्हणायचं, तुम्ही म्हातारे झालात? किंवा म्हणायचं, तुम्ही हंगामी व्हा, महूच्या भाडोत्र्यांच्या पंगतीत बसा? माझी जीभ झडली असती. सालाची नेमणूक द्यावी तर सरकारांनी माझ्यावर टाकलेला भरवसा मी नातं बघून मोडला, असं झालं असतं, आणि ते माझ्याने होणार नव्हतं. मी कधी कुणाचं फुकट खाल्लं नाही, दुसऱ्याला खाऊ दिलं नाही.

उरलं अमझेरा. जन्मभराची सनद, आमराई, घर. आणि वर सर्वांसमोर मानाचा फेटा. मला वाटलं, यापेक्षा मोठं कुणी कुणाला काय देणार. मी सरकारांना जाऊन तसं सांगितलं.

सरकारांनी थोडा वेळ झोपाळा थांबवला. "त्यांना विचारलंस?"

"विचारायचं काय, सरकार? जावई माणूस. विचारलं म्हणजे त्यांच्या तोंडून मागायला लावलं. मागायला लावणं बरं दिसत नाही."

"ते खरं," सरकार म्हणाले. ते दुसरं काय म्हणणार? तेही आमच्यासारखेच वाढले होते.

अष्टमीला दाजी आपली स्टिक घेऊन आले. तुतीच्या लाकडाची, मुठीला सुताची वीण, ती वीण आक्काने घातलेली. म्हणाले, "मेव्हणे, यंदा तेल जरा जास्त पाज. लाकूड सुकलंय."

"पाजतो, दाजी."

"आणि उन्हात ठेवू नकोस."

"चौदा वर्षांत ठेवली का?"

"नाही ठेवली," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. मी त्या स्टिकेला तीनदा तेल दिलं. इतरांच्या स्टिकांना दोनदा दिलं होतं.

नवमीला सकाळी मी बारा जुन्या-नव्या स्टिका मांडल्या आणि तेरावी बदनावरच्या मुलाची. दाजी आंघोळ करून, पांढरी बाराबंदी घालून आले. ओळीवरून त्यांची नजर डावीकडून उजवीकडे गेली, मग परत डावीकडे आली. तिथे, त्यांच्या नेहमीच्या जागी, त्या मुलाची स्टिक होती. दाजींनी देवीला नमस्कार केला. इतरांपेक्षा जरा जास्त वेळ वाकलेले राहिले, इतकंच. मग सरकार उठले, त्यांनी स्वतःच्या हाताने दाजींना जरीचा फेटा बांधला, सनद हातात दिली, चार चांगले शब्द बोलले. सगळे गडी उभे होते. नालबंद खाली बघत होता.

"मोठी कृपा," दाजी म्हणाले.

पंगतीत पहिलं पान त्यांचं होतं. ते पोटभर जेवले, बासुंदी दोनदा मागून घेतली, वाढप्याची थट्टा केली. मला वाटलं, बघा, झालं की नाही नीट. मी इतका खूश होतो की संध्याकाळी गुडघा दुखत असूनही मैदानाला दोन चकरा मारल्या.

दसऱ्याला त्यांनी मला सोनं दिलं, छातीशी धरलं. आणि द्वादशीला त्यांच्या खोलीपुढे दोन गाड्या उभ्या राहिल्या, बैल देवासच्या रस्त्याकडे तोंड करून. सनद त्यांनी देवीपुढे ठेवली होती, वर एक सुपारी.

मी धावत गेलो, म्हणजे गुडघा धावू देईल तेवढं. "दाजी, अमझेरा देवासच्या वाटेवर नाही."

"नाही खरा," ते म्हणाले. ते गाडीत भांड्यांचं गाठोडं नीट बसवत होते.

"मग हे काय? घर आहे तिथे, आमराई आहे. जन्माची सोय आहे."

"आंबे मी नसलो तरी पिकतील, मेव्हणे. देवासहून दोन वर्षं निरोप येतोय. तिथे एकांकडे संघ आहे, त्यांना मागचा गडी पाहिजे. मी नाही म्हणत होतो. आता हो म्हटलं."

"खेळायला? तुम्ही?"

"तर काय आंबे राखायला?" असं म्हणून ते हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाच्या पाया पडता येतं.

आक्का गाडीत बसली होती. मी तिच्याजवळ गेलो तर ती एवढंच म्हणाली, "तू विचारलं नाहीस." गाड्या हलल्या. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मान खाली घातली नाही, कारण बघणारे होते.

त्या थंडीत आमच्या मैदानावर मी मुरूम टाकला, रूळ फिरवला, सगळं वेळेवर केलं. बदनावरचा मुलगा खरंच हरणासारखा पळायचा. पण तो पुढे गेला की मागे कुणाची पावलं वाजायची नाहीत, आणि दुसरा पुढे गेला की हाही त्याच्या मागोमाग पुढे जायचा. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. सांगून येतं ते यायचं, बाकीचं कुठून आणायचं?

माघात देवासला सामना ठरला. देवासला तेव्हा एकाच गावात दोन गाद्या होत्या, रस्त्याच्या या अंगाला एका महाराजांची हद्द, त्या अंगाला दुसऱ्यांची. दाजी खेळत ते घर कोणत्या बाजूला होतं ते इथे महत्त्वाचं नाही. मैदान टेकडीच्या पायथ्याला. आम्ही इंदुरावरून दोन दिवस टांग्याने गेलो.

दाजी डाव्या बाजूला उभे होते, जसे उभे राहायचे तसे, स्टिक जमिनीला टेकवून, एक पाय किंचित मागे. मी दोरीबाहेर बसलो. पहिल्या अर्ध्या डावात आमच्या पाच पळणाऱ्यांतला एकही त्यांच्यापुढे गेला नाही. ते फार हललेही नाहीत. त्यांच्या शेजारचा बॅक जेमतेम विशीचा होता, तो पुढे जायचा आणि दाजी मागे सरायचे, आणि मला ते मुरमावरचं सरकणं बाहेर बसून ऐकू येत होतं, किंवा वाटत होतं. तो विशीतला माझ्या जागी उभा होता. मला त्याचा इतका हेवा वाटला की मी दुसरीकडे बघू लागलो. तेवढ्यात आमच्या बदनावरवाल्याने जागा सोडली आणि त्या रिकाम्या जागेतून त्यांनी गोल केला.

दुसऱ्या अर्ध्यात दाजींचे पाय जड झाले. मला आकडा ठाऊक होता, सहानंतर काय होतं ते. आमचा उजव्या बाजूचा गडी दोनदा त्यांच्या बाहेरून निघून गेला आणि दोन्ही वेळा गोल झाला. आम्ही जिंकलो. जे मी भाद्रपदात खडे मोजून ठरवलं होतं ते सगळं खरं निघालं.

नालबंद घाम पुसत माझ्याकडे आला. "जीत गए, भिया. अब खुश?"

मी त्याला म्हणालो, सामान आवर.

दाजींनी मला घरी नेलं. आक्काने गरम पाण्यात मीठ टाकून परात त्यांच्यापुढे ठेवली, त्यात ते पाय सोडून बसले. पाय सुजले होते. चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा.

"तुमचा तो उजवीकडचा पोरगा चांगला पळतो," ते म्हणाले. "मी त्याला डावीकडे ढकलत होतो, दोनदा फसलो."

"दाजी, तुम्हाला आता..." मी म्हणालो आणि थांबलो.

"होत नाही, असंच ना? पूर्ण साल होत नाही. ते मला तुझ्याआधी कळलंय. पाय कुणाचे आहेत?" त्यांनी पाण्यात पाय हलवले. "मी होळीपर्यंत म्हणणार होतो. थंडी-थंडीचे सामने मी खेळतो, ऊन तापलं की बदनावरवाला. दोघांचं पोट भरलं असतं, आणि त्यालाही जरा शिकवलं असतं. हिला सांगितलं होतं तुला सुचवायला."

आक्का चुलीपाशी होती. वळली नाही.

"होळीपर्यंत?" मी म्हणालो. "हंगामी? तुम्ही त्या पंगतीत बसला असतात?"

"पंगतीचं काय? बासुंदी शेवटच्या पानालाही तीच असते. आणि हंगामातच खेळतात की माणसं. चौमासात चिखलात कोण खेळतो?"

मी म्हणालो, "मग पुढच्या नवमीला या. होळीपर्यंतचं मी सरकारांना सांगतो."

"आता इथे दोन सालांचा शब्द दिलाय, मेव्हणे," ते म्हणाले. "शब्द मोडून आलो तर तूच मला उभा करणार नाहीस."

ते खरं होतं. मी केलं नसतं.

मी कुणाकडे कधी कबूल केलं नाही की मी चुकलो. दाजींच्या पायांबद्दल मी चुकलो नव्हतो, हे मी अजूनही म्हणतो. पण ती दोन वर्षं मी बोटांवर काढली. त्या दोन्ही नवम्यांना स्टिका मांडताना हात डाव्या टोकाला आला की मी उगाच अलवानाची सुरकुती काढत बसायचो.

दोन साल पुरे होऊन गेल्यावर, पुढच्या श्रावणात, मी सरकारांची परवानगी घेतली आणि एकटा देवासला गेलो. दाजी ओट्यावर बसले होते. मी आधी त्यांच्या पाया पडलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कारण बसलो असतो तर पाणी आलं असतं, चहा आला असता, आणि मग बोलणं राहिलं असतं. म्हणालो, "दाजी, होळीपर्यंतची नेमणूक. पंगतीत पान माझ्या शेजारी. येता का?"

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "आज सरळ विचारलंस," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी गेल्या होळीलाच सोडलं रे. इथल्यांना मीच सांगितलं, आता पुरे. सकाळी उठून ओट्याच्या दोन पायऱ्या उतरायच्या तर भिंत धरावी लागते."

"नुसते उभे राहा," मी म्हणालो. "तुम्ही नुसते उभे राहिलात तरी..."

"नको," दाजी म्हणाले. "बस. अगं, तुझा भाऊ आलाय बघ."

मी चार दिवस राहिलो. आम्ही ज्वारीबद्दल बोललो, आक्काच्या दम्याबद्दल बोललो, टेकडीवर देवीला जाऊन आलो. म्हणजे ती गेली, आम्ही दोघे आपापले गुडघे घेऊन पायथ्याला बसलो. खाली मैदान दिसत होतं. पावसाने हिरवं झालं होतं, त्यात म्हशी चरत होत्या.

त्या साली बदनावरच्या मुलाला उजवीकडे घेऊन डाव्या बाजूला आम्ही महूहून एक हंगामी गडी ठेवला. बरा खेळायचा. होळीच्या आदल्या दिवशी मी त्याला मैदानावरच गाठलं आणि तोंडावर सांगितलं, तू चांगला खेळलास, पण पुढच्या साली आम्हाला नकोस, वेग कमी पडतो. तो म्हणाला, "ठीक है, भिया. कहीं और देख लूंगा." त्याने माझ्याकडून एक बिडी मागून घेतली, पेटवली, स्टिक खांद्यावर टाकली आणि महूच्या रस्त्याला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिलो. मग रुळाला बैल जोडले.